मॉनिटरवर ९, डोळ्यात ६.१

गाइडनी थिसीसचा विषय दिला तेव्हा मी पहिलं हेच विचारलं की सर, इतके डोक्याच्या माराचे पेशंट मिळतील का, तर सर काही बोलले नाहीत, नुसता खिडकीबाहेरच्या हायवेकडे हात केला.

विषय थोडक्यात सांगते. कवटी म्हणजे बंद डबा, आत मेंदू, रक्त आणि पाणी. यातलं एक वाढलं की बाकीच्यांनी सरकायचं, आणि सरकायला जागा संपली की प्रेशर चढायला लागतं. मोठ्या माणसात नॉर्मल ७ ते १५ (बीपीसारखंच, मिलिमीटर पाऱ्यात), डोक्याच्या मारात २२ च्या वर गेलं की ट्रीट करायचं. मोजायचं कसं, तर कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत नळी सोडायची. आम्ही तिला ईव्हीडी म्हणतो, आणि सगळी पुस्तकं गोल्ड स्टँडर्ड म्हणतात. तिच्यातून प्रेशरही मोजता येतं आणि जास्तीचं पाणी बाहेरच्या बाटलीत काढताही येतं, तो ड्रेन. पण त्याला न्यूरोसर्जन लागतो, इन्फेक्शनची भीती, रक्त येण्याची भीती, आणि तालुक्याच्या हॉस्पिटलात तर हा विषयच नसतो. म्हणून भोक न पाडता काही कळतं का हे बघायची धडपड चाललेली असते, कुणी कानशिलावर डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) लावतं, कुणी मशीनने बाहुली मोजतं, आणि माझ्यासारखे लोक डोळ्यावर सोनोग्राफी करतात.

डोळ्यावर का, तर डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा, तिच्यावरचं वेष्टण मेंदूवरूनच चालत आलेलं आणि त्याच्या आतलं पाणीही तेच. डोक्यात प्रेशर वाढलं की ते वेष्टण फुगतं. बंद पापणीवर पारदर्शक चिकटपट्टी, वर ढीगभर जेल, आणि प्रोब ठेवला न ठेवल्यासारखा, कारण डोळा दाबला तर पल्स उतरू शकते. स्क्रीनवर डोळ्याचा काळा गोळा दिसतो, त्याच्या मागे उतरणारा काळपट पट्टा. गोळ्यापासून ३ मिमी मागे त्याची रुंदी मोजायची. कुणी ५ मिमीच्या वर वाढलं म्हणतं, कुणी ५.८ च्या वर. या पाऊण मिलिमीटरच्या भांडणावर माझं एमडी उभं होतं.

नियम असा की मी सोनोग्राफी करायची आणि त्याच मिनिटाला इंटर्नने ईव्हीडीचा आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालायचा. मला तो दिसायला नको म्हणून तेवढ्यापुरता मॉनिटरच्या त्या कोपऱ्यावर आम्ही मास्क चिकटवायचो (हसू नका, सरकारी हॉस्पिटल आहे). आणि माझ्या आकड्यावरून कुणाचीही ट्रीटमेंट बदलायची नाही, हे एथिक्स कमिटीच्या कागदावर चक्क बोल्डमध्ये होतं.

तर हा बत्तिसावा पेशंट. पंचविशीचा पोरगा, सेंट्रिंगच्या कामावर, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडलेला. मेंदूच्या पोकळीत रक्त, ईव्हीडी घातलेली, व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधांवर. सोबत थोरला भाऊ, तोही गवंडी. कन्सेंटला मी सगळं समजावून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, म्हणजे त्याच्या डोळ्याला पण लागलंय का?" परत पहिल्यापासून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा ४.९, डावा ५.०. छान. दुपारी तीनला दुसरं रीडिंग घ्यायला गेले, जेवण झालं नव्हतं, मशीन प्रसूतीच्या वॉर्डातून भांडून आणलेलं, मनात एवढंच की पटकन उरकू. आणि उजवा ६.१.

पहिला संशय स्वतःवरच. नस नीट सापडली नाही की डोळ्याच्या मागच्या कडेची सावली खाली पडते आणि तिलाच नस समजून आपण मोजून बसतो, मी पहिल्या पाच-सहा पेशंटमध्ये हे केलेलं आहे. प्रोब थोडा बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकवला, गेन (चित्राचा उजळपणा) कमी केला, परत मोजलं. ६.२. प्रोब उभा धरून मोजलं, ६.१. डावीकडे ६.२. सकाळी जिथे वेष्टण नसेला चिकटून होतं तिथे आता दोन्ही बाजूंनी काळी फट स्पष्ट दिसत होती, ती काही माझ्या हाताने तयार झालेली नव्हती.

बाहुल्या बघितल्या, दोन्ही सारख्या, लाइटला आकसतायत. पल्स, बीपी ठीक. इंटर्न पाकीट चिकटवून मोकळा. मी तिथेच जेलचा हात तसाच धरून उभी, कारण बोलले तर प्रोटोकॉल मोडतो आणि नाही बोलले तर समोर हे असं. शेवटी पळवाट काढली, म्हटलं सिस्टर, जरा ईव्हीडीची लेव्हल बघून परत झीरो करता का? हे काही ट्रीटमेंट बदलणं नाही, हे तर शिफ्टला करायचंच असतं. खरं सांगायचं तर मला काही सुचलं वगैरे नव्हतं, काहीतरी करायचं म्हणून बोलले.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, नऊ आहे की. पण मला एक सांगा, एक वाजल्यापासून ड्रेनमध्ये थेंब नाही आलेला, मी मघाशी डॉक्टरांना बोलले तर म्हणाले कमी झालं असेल."

मग आम्ही दोघींनी एकदमच खाटेकडे बघितलं. खाट खाली होती. एक वाजता पोर्टेबल एक्स-रे झालेला. आमच्या एक्स-रे मशीनचा हात जास्त वर जात नाही म्हणून ते लोक खाट खाली घेतात. जाताना कुणीतरी डोक्याकडची बाजू इमानेइतबारे परत ३० डिग्री केली होती, पण खाट वर घ्यायची राहिली. आणि ट्रान्सड्यूसर (नळीतलं प्रेशर मोजून मॉनिटरला आकडा देणारा भाग) आणि ड्रेनची बाटली वेगळ्या स्टँडवर, सकाळच्याच उंचीवर लटकलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रान्सड्यूसर पेशंटच्या कानाच्या लेव्हलला लागतो. तो वर राहिला की नळीतल्या पाण्याचा तेवढा स्तंभ आकड्यातून वजा होतो, दर १.३६ सेंटिमीटरला एक. सिस्टरनी दोन्ही क्लॅम्प खाली कानापर्यंत आणले, झीरो केलं, मास्क तर मी कधीच ओढून काढला होता, आणि आकडा आला २३. नंतर टेपने मोजलं, १९ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे १४. नऊ आणि चौदा तेवीस, पाचवीतलं गणित.

बरं, नुसता आकडा खोटा असता तरी एक वेळ चाललं असतं. पण बाटली कानाच्या १५ सेंटिमीटर वर ठेवलेली, ती खाट उतरल्यावर झाली ३४ वर, म्हणजे पाण्याने चढायचं तरी कसं. दोन तास ते आतच साठत होतं, आणि ते वाढलेलं ज्या आकड्यात दिसायचं तोच आकडा त्याच चुकीने खाली ओढला होता. सगळं शांत, हिरव्या अक्षरात ९.

न्यूरोसर्जरीचा रेसिडेंट ओटीतून धावत आला, ड्रेन उघडला, घाई न करता हळूहळू काढलं. पाऊण तासात १२. तासाभराने मी परत डोळा बघितला, ५.३. संध्याकाळच्या सीटीत नवीन काही नव्हतं, तेव्हा कुठे मी जेवले.

भाऊ काचेतून मला टेप घेऊन फिरताना बघत होता. बाहेर आल्यावर विचारलंच, काय मापत होता. मी सरळ सांगितलं, खाट खाली गेली होती आणि नळी वर राहिली, त्यामुळे आकडा चुकला. ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आमच्यात लेव्हल पाइप जरा जरी हलला तरी पहिली खूण परत मारून घेतो." पुढे काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाइडसमोर. आधी शिव्या, ब्लाइंडिंग (आकडा मला न दिसण्याचा नियम) मोडलंस म्हणून, मग चहा. मी जरा हवेतच होते, माझी सोनोग्राफी गोल्ड स्टँडर्डपेक्षा भारी निघाली वगैरे. सरांनी लगेच खाली आणलं. तुझ्या सोनोग्राफीने २३ सांगितलं का? नाही. रात्री तीनला प्रेशर चढलं तर ती उठून सांगणार आहे का? नाही. मग त्यांनी त्यांचा आवडता ट्रायल काढला, २०१२ चा, बोलिव्हिया आणि इक्वाडोरमधला, ३२४ पेशंट, काहींना आत मॉनिटर घालून आकड्यावर ट्रीटमेंट आणि बाकीच्यांना नुसत्या सीटी आणि तपासणीवर, आणि निकालात फरक नाही. लोक त्यावरून म्हणतात मॉनिटर नकोच. सरांचं म्हणणं, आकड्यावर किती विसंबायचं ते त्यातून शिका. मला विचाराल तर मी अजूनही नळी काढून टाका म्हणणार नाही, पण जिथे नळीच नाही तिथे हा प्रोब काही नसण्यापेक्षा नक्की बरा.

खरी गोची चिठ्ठीची झाली. पाकिटात ९, माझ्याकडे ६.१. हे तसंच शीटमध्ये टाकलं तर माझी सोनोग्राफी चुकली असं स्टॅटिस्टिक्स म्हणणार. काढून टाकलं तर सोयीचं तेवढं ठेवलं असं परीक्षक म्हणणार. सरांनी ठरवलं, ९ तसाच राहील, खाली प्रोटोकॉल डेव्हिएशन म्हणून सगळी हकीकत, आणि अ‍ॅनालिसिस दोनदा, ही जोडी धरून आणि वगळून.

पोराचा ड्रेन नवव्या दिवशी निघाला. गळ्यातून ट्यूब घालावी लागली, वॉर्डात शिफ्ट झाला तेव्हा हाक मारली की डोळे उघडत होता, उजवा हात हलवत होता, त्यापुढचं आत्ताच सांगता येत नाही.

एक्स-रेवाल्यांसाठी सिस्टरनी प्रत्येक स्टँडला लाल चिकटपट्टीवर "खाट वर घेतली का?" असं लिहून लावलंय. आणि मी एक्सेलमध्ये नवीन रकाना टाकला, लेव्हल तपासली का, हो किंवा नाही. बत्तिसाव्या पेशंटपासून पुढे तो भरलेला आहे. वरच्या ३१ जणांसमोर काय लिहायचं ते सरांना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते म्हणाले की रिकामा ठेव.