तुम्ही विचारलंत म्हणून : मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?

कार्यशाळा संपून चहा आला की हा प्रश्न येतोच. परवा एका मुख्याध्यापकांनी तो आडपडदा न ठेवता विचारला. "सरकार सोशल मीडियाला वेसण घालायला निघालं की तुम्ही विरोध करता. कंपनीने घाण काढली नाही की तुम्हीच ओरडता. नियम हवेत की नकोत?"

हवेत, सर. ऑनलाइन बोलण्याच्या हक्कासाठी काम करणाऱ्या आमच्यातल्याच काहींना कुठलाच नियम नको असतो, ते मला पटत नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी समजून ठेचून मारली. पोटासाठी भिक्षुकी करत फिरणारी माणसं. मोबाइलवर अफवा आधीपासून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं केलं. चांगलं केलं. पण हा पाचचा आकडा ठरवला कंपनीने, तिच्या मर्जीने. उद्या पाचाचे पन्नास केले तर तुम्ही-आम्ही जाब विचारायचा कुठे?

मग सरकारच्या हाती द्या म्हणाल, तर तोही अनुभव जवळचाच आहे. नोव्हेंबर 2012, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, अशा अर्थाची पोस्ट एका मुलीने टाकली, दुसरीने ती फक्त लाइक केली. दोघींना अटक. त्यात लावलेलं एक कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ. कुणाला 'त्रास' झाला एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत कैद. श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, मागोमाग पीयूसीएलसारख्या नागरी हक्कांच्या संघटनाही, आणि 24 मार्च 2015 ला ते कलम रद्द झालं. तरी पोलीस ते लावतच राहिले! पीयूसीएलला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. मेलेल्या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका, हे 2022 मध्ये नव्याने सांगावं लागलं.

त्यानंतर केंद्राचा 2023 चा नियम. सरकारी कारभाराबद्दलचा कुठला मजकूर खोटा, हे सरकारचंच पथक ठरवणार, आणि कंपनीने तो ठेवला तर लोकांच्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याचं कायदेशीर संरक्षण धोक्यात. विनोदवीर कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड वगैरे मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, तिसऱ्यांनी सप्टेंबर 2024 मध्ये कौल दिला आणि नियम गेला. परीक्षार्थीनेच स्वतःचा पेपर तपासायचा, हे तुमच्या शाळेत चालेल का?

आता माझं दुखणं सांगते. 2023 च्या पावसाळ्यात एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी नळयोजनेच्या बिलाबद्दल जाहीर पोस्ट टाकली. खाली एका अनोळखी खात्यावरून प्रतिक्रिया आली : "ताई, रोज त्याच फाट्यावरूनच जाता ना?" बस, एवढंच. शिवी नाही, काही नाही. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या फाट्यावर संध्याकाळी चिटपाखरू नसतं.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आम्ही तक्रार भरायला बसलो. तक्रारीचे प्रकार इंग्रजीत : नग्नता, स्पॅम, द्वेष... 'धमकी' निवडलं. वाक्याचं इंग्रजी मी केलं आणि करतानाच कळलं की ते रस्त्याची चौकशी केल्यासारखं झालंय. तेव्हा नियमाने पंधरा दिवसांत निकाल लागायचा. तो वेळेत लागला, एका ओळीत : आमच्या निकषांचा भंग आढळत नाही. ती ओळ लिहिणाऱ्याला मराठी येतं का, तो माणूस आहे की यंत्र, काही पत्ता नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "यात गुन्हा काय लिहू?" कंपनीच्या निकालावर तीस दिवसांत अपील करता येतं, पण त्या अपील समित्या नेमल्यात केंद्र सरकारने. ताई म्हणाल्या, पुरे झालं.

तेव्हा सर, 'किती काढायचं' यावर मी फारशी भांडत नाही. माझं भांडण आहे कोण काढतं, कुणाला विचारून, आणि कारण लेखी देतं का, यावर. ज्याची पोस्ट काढली त्याला कळवा. सरकारच्या आदेशाने काढली असेल तर तो आदेश त्याच्या हातात द्या. आज मजकूर रोखण्याचे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2009 च्या नियमांतल्या गोपनीयतेआड दडतात, मग तो माणूस कोर्टात काय दाखवणार? अपील ऐकणारे कंपनीच्या पगारावरचे नसावेत आणि मंत्रालयाने नेमलेलेही नसावेत. आणि मराठी मजकूर तपासायला फाटा म्हणजे काय ते कळणारा माणूस बसवा, अशा माणसांची संख्या दर वर्षी जाहीर करा. यासाठी आम्ही मसुद्यांवर हरकती पाठवतो, सह्या गोळा करतो, माहिती अधिकारात अर्ज टाकतो. बहुतेकांना पोच तेवढी येते.

सरांनी कप खाली ठेवला. "त्या ताई अजून जातात का हो त्या फाट्यावरून?"

नाही. कॅनॉलच्या रस्त्याने जातात, दीड किलोमीटर लांब पडतं. पोस्ट मात्र त्यांनी स्वतःहून काढून टाकली.