कॉफी मेकरमधलं प्लास्टिक: गरम पाणी कुठून कुठे जातं?

खोक्यावर ‘बीपीए-फ्री’ असा हिरवा गोल दिसला की बरेच जण निर्धास्त होतात. त्या गोलाला फारसा अर्थ नाही. बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए हे रसायन, लागतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक बनवायला आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी थराला. कॉफी मशीनचे बहुतेक भाग पॉलिप्रॉपिलीन, सॅन किंवा एबीएस या प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्या घडणीत बीपीए लागतच नाही. म्हणजे जे मुळात घालायचंच नव्हतं, ते घातलं नाही म्हणून शाबासकी. शिवाय जिथे बीपीए खरोखर काढलं, तिथे कितीदा त्याच कुळातलं बीपीएस आणून बसवलं जातं, आणि गोल तोच राहतो.

बीपीएची काळजी खोटी आहे असं मात्र नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 साली त्याची रोजची सुरक्षित मर्यादा दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. डिसेंबर 2024 मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी आणली. म्हणून जुनं, काचेसारखं पारदर्शक आणि टणक भांडं घरात असेल, तळाशी त्रिकोणात 7 आणि खाली ‘पीसी’ (पॉलिकार्बोनेट) असेल, तर त्यात उकळतं पाणी ओतू नये. पण नवं मशीन घेताना लेबलापेक्षा तीन प्रश्न उपयोगी पडतात. प्लास्टिकला लागणारं पाणी किती गरम आहे? किती वेळ लागतंय? किती पृष्ठभागाला लागतंय?

यातला पहिला प्रश्न सर्वांत मोठा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2020 साली पॉलिप्रॉपिलीनच्या, बाळांना दूध पाजायच्या बाटल्या तपासल्या. 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 6 लाख सूक्ष्म कण सुटले, 95 अंशांना साडेपाच कोटींपर्यंत. प्लास्टिक तेच, बाटली तीच. त्याच वर्षी आयआयटी खरगपूरने कागदी कप तपासले. 85 ते 90 अंशांचं 100 मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर कपाच्या आतल्या प्लास्टिकच्या थरातून जवळपास 25 हजार कण त्यात उतरले. या अभ्यासांनी कण मोजले, आजार मोजले नाहीत, हे लक्षात ठेवलेलं बरं. तरी दिशा स्पष्ट आहे: थंड पाण्याची टाकी प्लास्टिकची असली तर जिवाला लावून घेऊ नका, उकळत्या पाण्याच्या रस्त्यातलं प्लास्टिक तपासा.

तो रस्ता साध्या ड्रिप मशीनमध्ये असा असतो. टाकीतलं थंड पाणी एका एकेरी झडपेतून खाली उतरतं. तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची अ‍ॅल्युमिनियमची नळी तापवणाऱ्या कांडीला चिकटून बसवलेली असते. वरची, भांडं ठेवायची तवी गरम ठेवण्याचं कामही तीच कांडी करते. नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाण्याला वर ढकलतात, मोटर वगैरे काही नसते. गरम पाणी सिलिकॉनच्या नळीतून वर जातं, झाऱ्यातून कॉफीवर पडतं, पावडरीतून आणि कागदातून झिरपतं, कागद बसवायच्या टोपलीच्या तळाच्या भोकातून ठिबक थांबवणाऱ्या झडपेवर येतं आणि भांड्याच्या झाकणातून काचेत पडतं. झारा, टोपली, झडप, झाकण: नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी प्लास्टिकला भेटतं ते या चार ठिकाणी. टाकी या यादीत नाही, पण दुकानात नेमकी तीच हातात घेऊन पाहिली जाते.

चारांत टोपलीचा पृष्ठभाग सगळ्यात मोठा. कागदी फिल्टर मधे असतो म्हणून प्लास्टिकला कॉफी लागत नाही असं वाटतं, पण कागदातून गळलेली कॉफी टोपलीच्या आतल्या कंगोऱ्यांवरूनच खाली वाहते. पाच-सहा मिनिटं हा प्रवाह चालू असतो. झाकणाचं कुणाच्या ध्यानात येत नाही. भांडं तवीवर अर्धा तास ठेवलं की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते आणि थेंब पुन्हा कॉफीत पडत राहतात. कॉफीची चवही तवीवर करपते, त्यामुळे दोन्ही कारणांनी ती लगेच थर्मासमध्ये काढलेली बरी. थर्मास भांड्याचं मशीन घेणार असाल तर झाकण उघडून पाहा: आत स्टील असतं, पण कॉफी उतरायची नळी किंवा नरसाळं बहुधा प्लास्टिकचं असतं.

टोपली, झाकण आणि झारा सुटे होत असतील तर उलटे करून पाहा. ठशात >PP< किंवा त्रिकोणात 5 दिसलं तर पॉलिप्रॉपिलीन. गरम अन्नासाठी वापरायच्या प्लास्टिकमध्ये त्यातल्या त्यात हे बरं: मऊसर, दुधी आणि 160 अंशांच्या आसपास वितळणारं. >SAN< किंवा >ABS< टाकीवर चालेल, टोपलीवर नको. ठसाच नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ते मशीन सोडून द्यायला हरकत नाही. भारतात अन्नाला लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस 10910 हे मानक आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असेल तर निर्मात्याने निदान विचार केलाय असं म्हणता येतं.

सिलिकॉनला प्लास्टिकच्या रांगेत बसवून घाबरायचं कारण नाही. त्याचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, आणि दोनशे अंशांपर्यंत ते तग धरतं. नव्या सिलिकॉनमधून सुरुवातीला थोडी बारीक द्रव्यं सुटतात, ती पहिल्या काही उकळ्यांत बरीचशी निघून जातात. वॉशर आणि नळ्या कशाच्या तरी असाव्याच लागतात. सिलिकॉन नको म्हटलं तर जुन्या पद्धतीचं रबर उरतं, आणि ते काही जास्त चांगलं नव्हे.

आता किटली. लोक काचेचा किंवा चिनी मातीचा ड्रिपर (कागद ठेवून हाताने पाणी ओतायचं नरसाळं) हौसेने आणतात आणि पाणी उकळतात ते प्लास्टिकच्या इलेक्ट्रिक किटलीत. हिशेब तिथेच उलटतो, कारण सगळ्यात गरम पाणी सगळ्यात जास्त वेळ राहतं ते किटलीतच. ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलेल्या किटलीतही तीन जागा पाहाव्या लागतात: पाण्याची पातळी दाखवणारी उभी खिडकी, झाकणाची आतली बाजू, आणि चोचीतल्या जाळीची चौकट. मोबाइलची बत्ती लावून आत पाहिलं की लगेच कळतं. खिडकी नसलेली, झाकण आतून स्टीलचं असलेली किटली मिळते, थोडी शोधावी लागते. नाहीतर गॅसवरचं स्टीलचं पातेलं आहेच, त्याला काही तपासावं लागत नाही.

पूर्णपणे प्लास्टिकमुक्त, तुटत नाही आणि काही शे रुपयांत मिळते अशी वस्तू हवी असेल तर ती दक्षिणेकडच्या घरांत कधीची आहे: स्टीलचा फिल्टर. वरचा भोकांचा डबा, दांड्याची चकती, खालचा डबा, झाकण. मुंबईत माटुंग्याला किंवा कुठल्याही मोठ्या भांड्यांच्या दुकानात सहज मिळतो. वॉशर नाही, नळी नाही, वीज नाही. घेताना एकच बघा: वरचा डबा खालच्यावर नीट बसतो का आणि भोकं एकसारखी, बारीक आहेत का.

दोन जणांसाठी साधारण 20 ग्रॅम पावडर, म्हणजे तीन भरलेले मोठे चमचे. वरच्या डब्यात पसरून वरून चकती अलगद टेकवायची, दाबायची नाही. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबायचं आणि 120 ते 150 मिलिलिटर पाणी गोल फिरवत ओतायचं. पहिल्या दोन-तीन चमचे पाण्याने पावडर भिजू द्यावी, मग उरलेलं. दहा ते वीस मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतं.

उतरत नसेल तर कारणं ठरलेली आहेत. पावडर एस्प्रेसोसारखी बारीक असते, किंवा तिच्यात मिसळलेली चिकोरी (एका भाजलेल्या मुळीची पूड) जास्त असते. चिकोरी पाणी धरून फुगते, त्यामुळे कॉफी-चिकोरीच्या 80-20 च्या मिश्रणापेक्षा 60-40 चं मिश्रण हळू गळतं. चकती जोरात दाबली तरी असंच होतं. चौथं कारण फार जणांना माहीत नसतं: दोन्ही डबे इतके घट्ट बसतात की खालच्या डब्यातली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि ठिबक थांबते. वरचा डबा जरासा उचलून पुन्हा ठेवला की काम होतं. भोकं तेलकट चिकट्याने बुजली असतील तर वरचा डबा रिकामा, कोरडा करून चिमट्यात धरावा आणि गॅसच्या आचेवर तळ थोडा तापवावा. चिकटा जळून जातो, मग ब्रशने घासावं. स्टीलला हे चालतं. पितळेच्या फिल्टरला नाही, आतली कल्हई वितळेल.

मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर ढकलणारं भांडं. त्यात गरम पाण्याला धातूखेरीज लागतं ते फक्त वॉशर. मूठ आणि झाकणाची गोळी बाहेरच राहतात. इटलीत 1933 पासून चालत आलेलं बियालेत्तीचं मूळ रूप अ‍ॅल्युमिनियमचं आहे. प्लास्टिकसोबत अ‍ॅल्युमिनियमचीही चिंता असेल किंवा इंडक्शनची शेगडी असेल तर स्टीलचं घ्या, कारण साधं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापतच नाही. पाणी सुरक्षा झडपेच्या खालपर्यंत, पावडर काठोकाठ पण न दाबता, आच मंद, फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवायचं. आपल्या शेगडीच्या तिकाटण्यावर तीन कपांचा मोका नीट उभा राहत नाही, त्याला छोटी जाळी लागते. ज्वाळा तळाच्या बाहेर आली की मूठ वितळते, आणि मग प्लास्टिकचा वास खरोखर येतो. वाफ बाजूने सुटू लागली किंवा वॉशर टणक झाला की बदलायचा. अ‍ॅल्युमिनियमचा मोका डिशवॉशरमध्ये टाकला तर काळा पडतो.

फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याच्या जाळीने पावडर तळाशी दाबायच्या भांड्यात, काच आणि जाळी निर्दोष असतात, पण झाकणाची आतली बाजू पाहा: वर चकचकीत स्टीलचा घुमट आणि खाली प्लास्टिक, असं सर्रास असतं. काच पुरती भरली नाही तर कॉफी त्याला लागत नाही, वाफ लागते. संपूर्ण स्टीलचे प्रेसही मिळतात. 500 मिलिलिटरला 30 ग्रॅम जाडसर पावडर, चार मिनिटं, मग सगळी कॉफी लगेच ओतून घ्यायची, नाहीतर कडू होत जाते.

इथे एक अडचण आहे. प्लास्टिक टाळायला म्हणून माणूस धातूच्या जाळीकडे वळतो, आणि कॉफीतलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य जाळीतून सरळ कपात येतं. ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते जवळजवळ सगळं अडवतो. दिवसाला तीन-चार कप फ्रेंच प्रेसचे होत असतील आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील, तर टोपलीतल्या प्लास्टिकपेक्षा हा मुद्दा मोठा आहे. अशांसाठी काच किंवा चिनी माती अधिक कागद ही जोडी उत्तम. केमेक्स हा ड्रिपर 1941 पासून काचेचं अखंड भांडंच आहे, मधे लाकडी पट्टा, प्लास्टिक शून्य. त्याचे जाड कागद महाग पडतात. चिनी मातीचा व्ही-60 हा शंकूसारखा ड्रिपर स्वस्त पडतो: 15 ग्रॅम पावडर, 250 मिलिलिटर पाणी, तीन मिनिटं. फक्त आधी गरम पाणी ओतून तो तापवून घ्यावा लागतो, कारण गार मातीच पाण्याची उष्णता पिते आणि कॉफी आंबट उतरते. प्लास्टिकच्या व्ही-60 ला ही तक्रार नसते, म्हणूनच कॅफेतही तो आवडीने वापरला जातो.

एअरोप्रेस, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी काढायचं नळकांडं, सगळाच प्लास्टिकचा. 2005 साली आला तेव्हा पॉलिकार्बोनेटचा होता, नंतर साहित्य बदललं आणि 2014 पासून नेहमीचा करड्या रंगाचा पॉलिप्रॉपिलीनचा आहे. त्याचा निर्माता अ‍ॅलन अ‍ॅडलर स्वतः 80 अंशांच्या पाण्याची शिफारस करायचा आणि कॉफी मिनिटभरात उरकते, त्यामुळे तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं ठीक आहेत. कॅप्सूलच्या मशीनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: काही कॅप्सूल प्लास्टिकच्या, काही अ‍ॅल्युमिनियमच्या पण आतून लेप दिलेल्या, आणि दाबाखालचं गरम पाणी त्यातूनच जातं. प्लास्टिकची धास्ती असणाऱ्याने हा नाद करू नये. स्वस्त एस्प्रेसो मशीनमध्ये पोर्टाफिल्टर (पावडर भरायची दांड्याची वाटी) खालून उघडून पाहा, तोटीच्या आत बऱ्याचदा प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो. हाताने दाबायच्या कॅफेलॅट रोबोटसारख्या यंत्रात पाण्याला फक्त स्टील आणि सिलिकॉन लागतं, पण किंमत बरीच आहे आणि पाणी वेगळं उकळावं लागतं.

सकाळी बटण दाबून मोकळं व्हायचं असेल तर ड्रिप मशीन घ्याच. टोपली ठसा असलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, टोपली आणि झाकण सुटे विकत मिळणारे, एवढं पाहा. त्यांना तारेच्या घासणीने घासू नका. ओरखड्यांत कॉफीचं तेल बसतं आणि प्लास्टिकही लवकर झिजतं. पांढुरकं झालं, चिरा पडल्या की तो भाग बदला.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर दर महिन्याला क्षार काढावे लागतील. नळी आतून अरुंद झाली की पाणी अडतं, वाफ वाढते आणि झाऱ्याभोवतीचं प्लास्टिक पाण्याऐवजी वाफ खात राहतं. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूफूल विरघळवून अर्धं पाणी चालवा, मशीन बंद करून वीस मिनिटं थांबा, उरलेलं चालवा, मग साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या. व्हिनेगरनेही क्षार जातात, पण त्याचा वास सिलिकॉनच्या नळीत रेंगाळतो.

नव्या मशीनमध्ये पहिल्या तीन फेऱ्या कॉफीशिवाय, पूर्ण टाकीच्या चालवा आणि ते पाणी फेकून द्या. तिसऱ्या फेरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन कोमट झाल्यावर हुंगून, एक घोट घेऊन पाहा. थोडा वास उरला असेल तर आणखी दोन फेऱ्या. त्यानंतरही येत असेल तर तो जाणार नाही, परतीची मुदत आहे तोवर मशीन खोक्यात घालून परत पाठवा.