प्लॅस्टिकच्या चेस्टिटी पिंजऱ्याची घरगुती सुधारणा

प्लॅस्टिकचा चेस्टिटी पिंजरा, म्हणजे ताठरता रोखण्यासाठी शिश्नावर बसवून कुलूप लावायचे साधन, टोचू लागला की बहुतेक पुरुष नळी लहान पडते असे समजून दुसरे माप मागवतात. माझे मत वेगळे आहे. दुखण्याचे मूळ नळीच्या मापात क्वचितच असते. ते बहुधा मागच्या रिंगच्या कडेत असते, आणि ती कड घरच्या घरी सुधारता येते. मी आणि माझी पत्नी हे साधन परस्परसंमतीने वापरतो, त्यामुळे त्याची तपासणीही दोघे मिळून करतो.

सीबी-6000 या तयार मॉडेलसारख्या पॉलिकार्बोनेटच्या (एका कठीण प्लॅस्टिकच्या) साधनात पुढे नळी, वृषणांच्या मागून येणारी रिंग, त्यांना जोडणाऱ्या पिना, मधला स्पेसर (नळी आणि रिंग यांच्यातील अंतर ठरवणारा तुकडा) आणि कुलूप असे भाग असतात. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून साधारण 3 ते 5 वेळा ताठरता येते. त्या वेळी नळी पुढे ढकलली जाते, तिच्यामागे रिंग ओढली जाते आणि सगळा ताण रिंगच्या खालच्या आतल्या कडेवर येतो. दिवसभर न जाणवलेली कड पहाटे झोपमोड करते, ती यामुळे. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर दोन भाग जुळतात तेथे एक बारीक रेघ उरते. ती नेमकी या कडेवर असली, तर त्वचा सोलवटते.

कड गुळगुळीत करण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) पुरेसा आहे. पेपर आणि रिंग दोन्ही ओली ठेवून 400 नंबरने रेघ उतरवावी, मग 800, 1200 आणि शेवटी 2000 नंबरने घासावे. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि प्लॅस्टिक तापत नाही. चौकोनी कोपऱ्याला गोलाई द्यायची असते, रिंग पातळ करायची नसते. पातळ रिंग ताणाखाली तडकते आणि तडकलेली कड मूळच्या कडेपेक्षा घातक ठरते. काम झाले की नायलॉनचा जुना पातळ पायमोजा कडेवरून सावकाश फिरवावा. बोटाला न कळणारे कुसळ त्यात धागा अडकून लगेच कळते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे साधन वापरणाऱ्याला घामाचा प्रश्न फार जाणवतो, म्हणून हवेसाठी आणखी छिद्रे पाडण्याचा विचार मनात येतोच. छिद्रे पाडता येतात, पण साधन अंगावर असताना कधीही नाही. नळीच्या आत घट्ट बसेल असा लाकडी दांडा घालावा, आधी 2 मिलिमीटरच्या बिटने आणि मग 4 मिलिमीटरच्या बिटने, ड्रिल मंद गतीवर ठेवून, थांबत थांबत भोक पाडावे. घाई केल्यास प्लॅस्टिक वितळून बिटला चिकटते. पिनांच्या भोकांजवळ आणि नळीच्या कडेजवळ हात लावू नये, कारण तडा तेथूनच जातो. भोक फार मोठे केले तर फुगलेली त्वचा त्यात शिरून चिमटते. प्रत्येक भोकाची आतली बाजू वॉटर पेपरची बारीक गुंडाळी फिरवून गोल करणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक काम आहे.

रसायने आणि उष्णता मात्र दूर ठेवावीत. नेलपॉलिश काढण्याच्या अ‍ॅसिटोनने किंवा थिनरने पॉलिकार्बोनेट चकचकीत होत नाही; ते पांढुरके पडते आणि त्यात बारीक भेगा येतात. ते मऊ व्हायला साधारण 147 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि शोषलेल्या ओलाव्यामुळे त्यात बुडबुडे धरतात, त्यामुळे गॅसवर वाकवण्याचा खटाटोप करू नये. थ्रीडी प्रिंट केलेल्या साधनांत वापरल्या जाणाऱ्या पीएलए या प्लॅस्टिकची अडचण उलटी आहे: ते 60 अंशांच्या आसपासच मऊ पडते, म्हणून उकळत्या पाण्याने धुतल्यास त्याचा आकार बिघडतो.

स्पेसरची लांबी कमी करायची असल्यास एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घासू नये, आणि मूळ स्पेसर तसाच ठेवून जादाच्या स्पेसरवर काम करावे. नळी आणि रिंग यांच्यातील फट कमी झाली की मधली त्वचा चिमटते, जास्त झाली की साधन निसटते.

सुधारलेले भाग साबण आणि कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पहिली चाचणी दिवसा, घरी, किल्ली हाताशी ठेवून एक-दोन तासांची असावी. किल्ली पत्नीकडे असली तरी दुसरी किल्ली घरात ठरलेल्या जागी हवीच. बधिरपणा, थंडपणा, निळसर रंग किंवा लघवीला अडथळा यांपैकी काहीही जाणवले की साधन तत्काळ काढावे, आणि सूज आल्यामुळे ते निघत नसेल तर लाज न बाळगता रुग्णालयात जावे. त्वचेवर लाल वळ उमटला आणि तो तासाभरात मावळला नाही, तर रिंगच्या त्या जागेवर खूण करून कड पुन्हा 800 नंबरपासून घासायला घ्यावी. त्वचा पूर्ववत होईपर्यंत रात्रीचा वापर सुरू करू नये.