छोटा सीएनसी राउटर, नोंद ६: वर्तुळ गोल येईना

संगणकाच्या आज्ञेनं लाकूड कोरणारं हे मशीन चालू होऊन दीड महिना झाला. अक्षरं कोरून झाली, दोन-तीन ट्रे झाले, आणि सगळं जमलं असं वाटत असतानाच एका गोल डब्याच्या झाकणानं पितळ उघडं पाडलं. डब्याचा आतला व्यास २०० मि.मी. ठेवला होता, झाकणाची कड ०.३ मि.मी. कमी. झाकण अलगद बसलं. सहज फिरवून पाहिलं, तर पाव फेरा पुरा व्हायच्या आधीच अडकलं. डबा आणि झाकण दोन्ही सारखेच लंबगोल होते, म्हणून एकाच दिशेनं एकमेकांत बसत होते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी मशीनची ओळख. कापायची जागा ४५० × ६०० मि.मी., गँट्रीच्या, म्हणजे राउटर धरून पुढेमागे सरकणाऱ्या कमानीच्या, दोन्ही बाजूंच्या रेल्समध्ये ६०० मि.मी. अंतर. एक्स (आडवा) आणि वाय (पुढेमागे) अक्षांना १६०५ बॉलस्क्रू (फिरला की अक्ष सरकवणारा आट्यांचा दांडा), म्हणजे १६ मि.मी. जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकणारा. वायला दोन मोटारी, दोन्हीकडे एकेक. नेमा २३ मापाच्या स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या) मोटारी, त्यांना चालवायला अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल हा प्रोग्रॅम, आणि कापायला ट्रिम राउटर (हातात धरायचं छोटं राउटर). मोटारीचे एका फेऱ्याला २०० टप्पे, ड्रायव्हरवर (मोटारीला वीज देणाऱ्या सर्किटवर) मायक्रोस्टेपिंग ८, म्हणजे एका टप्प्याचे आठ भाग, म्हणून फेऱ्याला १६०० पल्स (विजेचे इशारे) आणि १ मि.मी.ला ३२०.

हा ३२० चा आकडा जीआरबीएलमध्ये $१०० आणि $१०१ या सेटिंग्जना असतो, आणि माप चुकलं की हात आधी तिकडेच जातो. मी तो मुद्दाम आवरला. बॉलस्क्रूची चाल ठरलेली आहे, गणित सरळ आहे. उत्तर चुकलं तर चूक लोखंडात किंवा जोडणीत शोधायची. आकडा फिरवून एक वस्तू मापात येते, पुढच्या दहा बिघडतात.

वर्तुळ नीट मोजलं तर ते स्वतःच सांगतं काय बिघडलंय. एक्सच्या किंवा वायच्या दिशेला ते लांबलं तर टप्प्यांचा आकडा तपासा. तिरक्या दिशेला लांबलं तर दोन अक्ष एकमेकांशी गुण्यात (काटकोनात) नाहीत. आणि अक्ष जिथे दिशा बदलतो त्या चार जागी बारीक खाच किंवा सपाटी दिसली तर स्क्रूमध्ये कुठेतरी ढिलाई आहे. माझ्या डब्याला व्हर्निअर लावलं: एक्स २००.०, वाय २००.०, एक कर्ण २००.२५, दुसरा १९९.७५. शिवाय एक्सच्या दोन्ही टोकांना नखाला जाणवेल अशी खाच. म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोन्ही दोष.

गुण्या लावून एवढी बारीक चूक पकडणं अवघड, म्हणून सुतार चौकट तपासतात तसे कर्ण मोजले. एमडीएफवर व्ही-बिटनं (टोकदार पात्यानं) ४०० मि.मी. चौरसाचे चार टिंब पाडले. लाकडाच्या पट्टीत दोन टोकदार स्क्रू बसवून त्यांचं अंतर एका कर्णाला जुळवलं, आणि तीच पट्टी दुसऱ्या कर्णावर ठेवली. एक टोक टिंबात बसवल्यावर दुसरं टोक समोरच्या टिंबापासून १.४ मि.मी. लांब पडलं. कर्णाची पूर्ण लांबी मोजायची गरजच नाही, फरक कळला की पुरे. कर्ण सुमारे ५६६ मि.मी., त्यात १.४ चा फरक, म्हणजे ४०० मि.मी.मागे १ मि.मी. तिरकेपणा. २०० च्या वर्तुळात तो अर्धा मि.मी. होतो, आणि व्हर्निअरनंही तेवढाच दाखवला होता. हा मेळ बसला तेव्हा फार आनंद झाला.

आता ६०० मि.मी. रुंदीच्या गँट्रीत हाच फरक १.५ मि.मी. येतो. एका फेऱ्याला ५ मि.मी. सरकतं, म्हणून डावीकडचा कपलर (मोटार आणि स्क्रू जोडणारा तुकडा) सैल करून स्क्रू १०८ अंश फिरवला आणि पुन्हा आवळला. कर्ण जुळले. दुसऱ्या दिवशी मशीन चालू करून पाहिलं, तर निम्मी चूक परत आलेली!

इथे दोन संध्याकाळी गेल्या. कारण असं निघालं: गँट्रीची आडवी तुळई बाजूच्या पाट्यांना मुळातच किंचित तिरकी आवळली गेली होती. स्क्रू फिरवून मी तिला नुसतं ताणून धरलं होतं. वीज बंद झाली की मोटारींची पकड सुटते, बॉलस्क्रू ढकलला की सहज उलटा फिरतो, आणि तुळई परत मूळ जागेकडे सरकते. म्हणून क्रम असा हवा: आधी तुळईचे बोल्ट सैल करा, मग गँट्री काटकोनात आणा, आणि तशाच स्थितीत बोल्ट थोडेथोडे आळीपाळीनं आवळा. आता दोन्ही बाजूंना ठोकळे बसवलेत. मोटारी चालू करण्याआधी गँट्री दोन्ही ठोकळ्यांना टेकवते, म्हणजे सुरुवात रोज सरळच होते.

एक्सची ढिलाई त्या मानानं लवकर सापडली. डायल गेज (बारीक सरक दाखवणारं घड्याळी मापक) लावून दिशा बदलली तर ०.१२ मि.मी. अंतर वायाच जात होतं. बेअरिंग ब्लॉकचा लॉकनट सैल होता, आवळल्यावर ०.०२ उरलं.

याचा परिणाम कापण्याच्या आवाजातही दिसला. आतापर्यंत मशीन थरथरायचं म्हणून मी ६ मि.मी.चं दोन धारांचं बिट १८,००० आरपीएमला फक्त ९०० च्या फीडनं (मिनिटाला ९०० मि.मी. वेगानं) चालवत होते. फीडला आरपीएम आणि धारांच्या संख्येनं भागलं की प्रत्येक धार किती जाड छिलका काढते ते कळतं: ०.०२५ मि.मी. एवढ्या पातळ कापात धार लाकूड कापण्यापेक्षा घासते. सागवानात कोपरे काळे पडत होते, बिट हाताला चटका बसेल इतकं तापत होतं. फीड १८०० केल्यावर ०.०५ झालं. पिठासारख्या धुळीऐवजी छिलके पडू लागले आणि कर्कश किंकाळी जाऊन एकसारखी घरघर आली. कापाची खोली मात्र एका फेरीला २ मि.मी.च ठेवली आहे.

तरीही बारीक धूळ उडतेच, तेव्हा व्हॅक्यूम आणि मास्क दोन्ही वापरा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत टाकलंय.

विकत घ्यावं की बांधावं, असं मला विचारतात. लाकूडकामाची घाई असेल तर विकत घ्या, पण स्पिंडलचे (बिट फिरवणाऱ्या मोटारीचे) वॅट बघण्याआधी गँट्री हातानं पिळून बघा, आणि काटकोन नंतर दुरुस्त करायला बोल्टला जागा ठेवली आहे का ते बघा. मी बांधलं, कारण मला ते उघडून बघायचं होतं.

काल नवा डबा कापला. झाकण पूर्ण फिरतं, कुठेही अडकत नाही. पण स्पॉइलबोर्ड (कामाखाली ठेवायची फळी) सपाट करताना बिटाच्या दोन ओळींमध्ये नखाला पायरी लागते, आणि तीही एकाच बाजूला. राउटर कलला आहे. पुढचा आठवडा झेडच्या (वर-खाली अक्षाच्या) पाटीखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारण्यात जाणार.