रिपोर्ट निगेटिव्ह, तरीही टीबीचं औषध

माझ्या धाकट्या भावाला टीबी मेनिंजायटिस झाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग. आधी नुसता संध्याकाळचा बारीक ताप, डोकेदुखी, जेवण नको. विडालची रक्ततपासणी करून टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, उलट्यांसाठी पित्ताचं औषधही झालं. मग तो विचित्र वागायला लागला. तेच तेच विचारायचा, चहाचा कप हातात धरून नुसता बसायचा. गावाकडून अंगारा आला. एका सकाळी म्हणाला, "ताई, तू दोन दोन दिसतेस." बघते तर डावा डोळा नाकाकडे वळलेला. त्याच दिवशी त्याला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं.

तिथल्या निवासी डॉक्टरांनी मानेखाली हात घालून डोकं उचललं, तर मान वाकेचना, खांदेच वर आले. सीटी स्कॅन झाला आणि पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, तपासायला काढायचं ठरलं. आमचे काका लगेच म्हणाले, "पाठीत सुई मारली की माणूस कमरेतून जातो." वॉर्डात प्रत्येक नातेवाईक हेच बोलतो. डॉक्टरांनी भावाच्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं: मज्जारज्जू इथे वर संपतो, सुई त्याच्या खालच्या मणक्यांमध्ये जाते. मी सही केली.

त्याला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. तो हलू नये म्हणून मी आणि वॉर्डातल्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, धरून ठेवलं. पाणी थेंबाथेंबाने छोट्या बाटल्यांत पडत होतं, दिसायला स्वच्छ. त्याच वेळी दंडातून साखरेसाठी रक्तही घेतलं. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघावी लागते. रिपोर्ट यायच्या आधीच सेफ्ट्रियाक्सोन, व्हँकोमायसिन ही अँटिबायोटिक्स आणि हर्पिसच्या विषाणूवरचं असायक्लोव्हिर सुरू झालं. साध्या जंतूंचा किंवा हर्पिसचा आजार असेल तर काही तासांचा उशीरही महागात पडतो, म्हणून.

पाण्यात पेशी वाढलेल्या, त्यातही लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त. प्रोटीन भरपूर, साखर रक्तातल्याच्या निम्म्याहून कमी, टीबीत वाढणारं एडीए हे एन्झाइमही वाढलेलं. आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी मशीनवरची तपासणी, निगेटिव्ह.

इथे मी अडले. सीबीनॅटमध्ये टीबी नाही, मग वर्षभराचं औषध कसलं? वॉर्डाच्या मॅडमनी न चिडता सांगितलं, "पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात. मशीनला सापडले तर टीबी आहेच. सापडले नाहीत म्हणून टीबी नाही असं होत नाही. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, तिला आठवडे लागतात. तोवर थांबलो तर हा हातचा जाईल." आठवड्यांपासूनचा ताप, वळलेला डोळा, पाण्याचा रिपोर्ट, एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी उजळलेलं आवरण, सगळं मिळून त्यांचं मत झालं होतं. मला एका कागदावरचा 'पॉझिटिव्ह' हवा होता, तो कधीच मिळाला नाही. कल्चरही पुढे निगेटिव्हच आलं. तोवर भाऊ मला ओळखून भांडायला लागला होता.

वजनानुसार टीबीच्या चार औषधांच्या गोळ्या, सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि बी-6 जीवनसत्त्व. त्या चारातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे नर्सताईंनी आधीच सांगितलं, नाहीतर मी ओरडलेच असते. मध्येच रक्तातलं सोडियम घसरलं, तो पुन्हा झोपाळला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे काम नातेवाइकांचंच. मेंदूतलं पाणी वाढलं तर शंट, म्हणजे ते पाणी बाहेर वळवणारी नळी, टाकावा लागेल म्हणाले होते, पण ती वेळ आली नाही.

निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नाव नोंदलं, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. छातीत टीबी नसेल तर मेंदूचा टीबी दुसऱ्याला लागत नाही, तरी शेजारीण अजून दारातूनच बोलते. दोन महिन्यांनी गोळ्या चारांवरून तीनवर आल्या, त्या आणखी दहा महिने. स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. ते एकदम बंद करायचं नसतं. त्या तीनातलं इथँब्युटॉल डोळ्यांना बाधू शकतं, म्हणून डोळ्यांची तपासणी असते, रक्तात लिव्हरची. दोन दिसणं गेलंय. उजवा पाय अजून थोडा ओढतो, फिजिओथेरपी सुरू आहे. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायची त्याची कुरकुर रोजची.