आमची वाटचाल : एककाशिवाय आकडा नाही

तेल-वायू कंपन्यांचे अहवाल, निवेदनं आणि प्रकल्पाशेजारच्या वस्त्यांसाठीची सूचनापत्रं लिहिणारी आमची संस्था छोटी आहे. बऱ्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं: कामं आली, वेळेवर दिली. लिहायचं आहे ते २०१४ नंतरच्या दोन वर्षांबद्दल.

जून २०१४ मध्ये ब्रेंट कच्चं तेल बॅरलला ११० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३०च्या खाली आलं. अशा वेळी विहिरी खोदणारे रिग परत जातात, विहिरी पुढे ढकलल्या जातात. पण सगळ्यांत आधी कात्री लागते ती संवाद विभागाला, कारण तो कापल्याने उत्पादन एका बॅरलनेही घटत नाही. आमचे मोठे अहवाल एकाच हंगामात गेले. त्यातला एक दुसऱ्या संस्थेने आमच्या निम्म्या दरात उचलला आणि आम्ही वर्षानुवर्षं घडवलेला व्याख्या-एककांचा तक्ताच काढून टाकला. म्हणे, पान कंटाळवाणं दिसतं.

तो तक्ता कशासाठी असतो हे धंद्यातल्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. कामाचे ३० लाख तास, एलटीआय, म्हणजे काम बुडवणाऱ्या दुखापती, ३. दहा लाख तासांवर काढलं तर दर १.०. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या पद्धतीने दोन लाख तासांवर काढलं तर ०.२. दुखापती त्याच, माणसं तीच. नव्या अहवालात ०.२ हा आकडा आयओजीपी या तेल-वायू उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दहा लाख तासांवरच्या सरासरीशेजारी छापला गेला आणि कंपनी आहे त्याच्या पाचपट सुरक्षित दिसली. एका विश्लेषकाने ते पकडलं. खुलासा लिहायला आम्हाला बोलावलं, तक्ता काढणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही. याची सल आजही आहे.

वायूचंही तसंच. ‘नॉर्मल’ घनमीटर ० अंशावर मोजतात, ‘स्टँडर्ड’ साधारणपणे १५ अंशांवर. तेवढ्यानेच तोच वायू साडेपाच टक्क्यांनी वेगळा दिसतो. टनाचे बॅरल करताना ७.३३ने डोळे मिटून गुणू नये; जड तेलाला तो गुणक कमी लागतो, हलक्याला जास्त. घनता विचारावी, तीही लेखी. साठ्यांबाबत तर जास्तच जपावं: १पी (सिद्ध), २पी (सिद्ध अधिक संभाव्य) आणि ३पी (त्यात शक्य साठेही धरून) यांची एकच बेरीज करून मथळ्यात घालणाऱ्यांनी २००४ आठवावं. शेल या तेल कंपनीने त्या जानेवारीत सिद्ध साठ्यांतले सुमारे ३.९ अब्ज बॅरल वर्गवारीतून काढले आणि मार्चमध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं.

त्या पडत्या काळात आम्ही टिकलो ते एका साठवण टर्मिनलच्या प्रमुख बाईंमुळे. अहवाल छापू नका, पण आपत्कालीन निवेदनांचा सराव थांबवू नका, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या कामाचा कणा त्या सरावातूनच तयार झाला: पहिल्या तासाचं निवेदन. त्यात घटनेची वेळ, जागा, काय दिसतं आहे, किती माणसांची मोजदाद पूर्ण झाली, कोणती पथकं कामाला लागली आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल, एवढंच. कारण नाही, जखमींची नावं नाहीत, गळतीचं प्रमाण नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या रिगवर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन ११ कामगार गेले. गळती आधी दिवसाला १,००० बॅरल सांगितली गेली, मग ५,०००. सरकारी तज्ज्ञांचा नंतरचा अंदाज सुरुवातीच्या दिवसांसाठी ६२,०००चा होता. लहान आकडा देऊन तो वाढवत न्यावा लागला की पुढच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. मोजलं नसेल तर ‘मोजणी चालू आहे, अमुक वाजता सांगू’ असं लिहावं आणि त्या वेळेला सांगावं, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी.

‘धोका नाही’ हे शब्द आम्ही लिहीत नाही. वारा फिरतो, रात्री हवा स्थिर होऊन वायू जमिनीलगत साचतो. त्याऐवजी कुंपणावरच्या मापकांचं वाचन आणि त्याची वेळ द्यावी. हायड्रोजन सल्फाइडच्या पत्रकात एक ओळ विसरू नये: साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाक बधिर होतं, म्हणून वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नये.

फ्लेअरच्या, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योतीच्या, सूचनेत बहुतेक जण शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवण्याच्या) तारखा देऊन मोकळे होतात. रहिवाशांचे फोन खणखणतात ते प्लांट पुन्हा सुरू करताना, कारण विनिर्देशात न बसणारा वायू तेव्हा बराच वेळ फ्लेअरला जातो. दोन्ही कालखंड लिहा. वाफ कमी पडली तर काळा धूर येतो, जास्त झाली तर घरघर वाढते, हेही साध्या शब्दांत सांगा. सूचना आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी द्यावी. खाली जो फोन नंबर छापाल तो रात्री उचलणारा माणूस असावा, रेकॉर्ड केलेला आवाज नको.

फोटोंसाठी आमचा सर्वांत जुना सोबती म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स. साधा कॅमेरा हा प्रज्वलनाचा स्रोत धरला जातो. झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही ज्वालाग्राही वायू असू शकतो अशा भागात, तो न्यायचा तर हॉट वर्क परमिट (ठिणगी पडू शकणाऱ्या कामाचा परवाना), आधी वायूचाचणी आणि काम चालू असेपर्यंत डिटेक्टर सोबत. एवढा खटाटोप करण्यापेक्षा झोनबाहेरून लेन्स लावलेली बरी. छपाईआधी प्रत्येक फोटो सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवावा. हेल्मेटचा चिनस्ट्रॅप सुटलेला, उंचीवर बांधायच्या हार्नेसचा हुक मोकळा, वाटेत आडवा पाइप, मचाणाचा मुदत संपलेला टॅग, हे संपादकाच्या नजरेतून सुटतं आणि प्लांटवरच्या फिटरला पहिल्यांदा तेच दिसतं.