गेंड्याच्या लिदीत रुजणारे झाड

उन्हाळ्यात आजोळी शेळ्यांचा वाडा झाडताना आजी लेंड्यांमध्ये पडलेल्या बाभळीच्या तपकिरी, गुळगुळीत बिया वेचून बाजूला ठेवीत असे. दिवसभर शेंगा खाऊन आलेल्या शेळ्या रात्री रवंथ करताना कठीण बिया तोंडातून टाकून देतात आणि ओलावा लागलेल्या त्या बिया लवकर रुजतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. बांधावर टोकण्यासाठी ती याच बिया वापरी.

नेपाळमधील चितवनचा गेंडा आणि भेल्लर या झाडाविषयी वाचताना मला तो वाडा आठवला. भेल्लर म्हणजे आपल्याकडे पेटारी म्हणतात तेच झाड. पावसाळ्यात त्याची फळे खाली पडतात; ती हिरवट व टणक असून पक्ष्यांना भुरळ घालावी असे त्यांच्यात काहीच नसते. गेंडा मात्र ती अख्खी गिळतो. तो घोड्याच्या जवळच्या कुळातला असल्याने रवंथ करीत नाही, त्यामुळे पुष्कळ बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात. शिवाय त्याला ठरावीक जागीच लीद टाकण्याची सवय असते आणि अशा अनेक जागा नदीकाठच्या उघड्या गवताळ पट्ट्यात असतात. एरिक डायनरस्टाइन आणि ख्रिस वेमर या वन्यजीव अभ्यासकांनी 1988 मध्ये हा संबंध सविस्तर मांडला. भेल्लराच्या रोपाला भरपूर ऊन लागते, ते दाट रानाच्या सावलीत मिळत नाही. लिदीच्या ढिगावर मात्र ऊन आणि खत दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. बी किती लांब गेले यापेक्षा ते रानातून माळावर गेले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांची रीत वेगळी असते. चितळ आवळा गिळतो आणि पुढे रवंथ करताना त्याची आठळी तोंडातून टाकून देतो. ती उन्हात वाळली की तडकते आणि आतल्या लहान बिया बाहेर उडतात. त्यामुळे चितळ दुपारी जिथे विसावतो, तिथे आवळ्याचे रोप उगवण्याची शक्यता निर्माण होते.

1960 च्या दशकाच्या अखेरीस चितवनात शंभराच्या आसपासच गेंडे उरले होते. 2021 च्या गणनेत नेपाळमधील एकूण 752 गेंड्यांपैकी 694 चितवनातच आढळले. हे आकडे वाचताना मला गेंड्यांबरोबरच नदीकाठच्या त्या ढिगांवर वाढणारी भेल्लराची रोपेही दिसू लागतात.